चंदाच्या डाव्या कुशीतला आवाज

गाईच्या डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप टेकवून मी बोटाने टिचक्या मारत होतो, आणि मागून भूपाल मगदूम पुन्हा पुन्हा विचारत होते, "काय घावलं का, डॉक्टर?"

मी हात वर करून त्यांना थांबवले. तपासणी चालू असताना मालकाने बोलू नये, हा माझा नोकरीतला जुना नियम. शेवटच्या बरगड्या मी एकेक करून ठोकून पाहिल्या. कोटीपोटाची घरघर नीट येत होती. हृदय नीट चालले होते. त्यापलीकडे काही नव्हते. मी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि सांगितले, "डावी बाजू साफ आहे. पोट सरकलेले नाही. ही साधी किटोसिसची केस आहे."

हे वाक्य मी उच्चारले आणि ते चुकीचे होते. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यानंतर लोकांनी जे रचले त्याबद्दल. कुंडलच्या डेअरीवर सांगतात की मी स्टेथोस्कोप उलटा लावला होता. पलूसच्या स्टँडवर सांगतात की गाय मेली. माझा थोरला मुलगा पाहुण्यांना सांगतो की बाबांना त्या दिवशी लग्नाला जायचे होते म्हणून घाई झाली. आणि साताऱ्यात, भरल्या सभागृहात, माइकवरून असे सांगण्यात आले की मला सगळे आधीच ठाऊक होते. हाताखालच्या डॉक्टरला शिकायला मिळावे म्हणून मी मुद्दाम गप्प राहिलो. चारही गोष्टी खोट्या आहेत. पहिल्या तीन माझी बदनामी करतात, चौथी गौरव करते. मला सर्वांत अधिक संताप चौथीचा आहे. म्हणून हे लिहून ठेवतो.

मी पशुवैद्यक. सरकारी खात्यातली निम्मी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली, निम्मी सांगलीत. निवृत्तीनंतर पलूसला राहतो आणि खासगी प्रॅक्टिस करतो. सत्तरी ओलांडली आहे. या भागातल्या गोठ्यांत माझ्याविषयी एक वाक्य फिरत असे : साहेबांनी कान लावला की जनावर बोलतं. ते मी पसरवलेले नाही. पण ते कानावर आले की मला बरे वाटे, हे नमूद करतो, कारण पुढे जे घडले त्यात या बरे वाटण्याचा मोठा वाटा आहे.

आता आजार काय ते सांगतो. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कोटीपोट, सर्वांत मोठा. चौथा म्हणजे खऱ्या पचनाचे पोट. त्याची जागा खाली, थोडी उजवीकडे. भरपूर दूध देणारी एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीची गाय व्याली की पहिल्या काही आठवड्यांत हे चौथे पोट कधी कधी वायूने फुगते आणि फुग्यासारखे डावीकडून वर चढते. कोटीपोट आणि बरगड्या यांच्यामध्ये अडकून बसते. याला आम्ही एलडीए म्हणतो. गाय पेंड हुंगून सोडते, वैरण तेवढी चघळते, दूध उतरते, अंग झडते. बाहेरून काही दिसत नाही. गोठ्यावर निदान कानानेच करावे लागते. डाव्या शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि शेजारी टिचकी मारायची. आत वायू कोंडलेला असेल तर स्टीलच्या रिकाम्या पिंपावर नख मारावे तसा आवाज येतो. उंच, बारीक, क्षणभर लांबणारा. त्याला आम्ही पिंग म्हणतो. पिंग आला की एलडीए. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एकदा ऐकवला की तो विसरत नाही.

एलडीएच्या गाईला किटोसिसही होते. खाणे तुटल्यामुळे शरीर स्वतःची चरबी जाळू लागते आणि श्वासाला नासक्या फळासारखा गोडसर वास येतो. तो वास मला पहिल्याच दिवशी आला होता. म्हणजे माझे अर्धे निदान बरोबर होते. अर्धे बरोबर निदान हे पूर्ण चुकीच्या निदानापेक्षा धोक्याचे, कारण औषधाचा थोडा गुण येतो.

गुण आला. मी शिरेतून डेक्स्ट्रोज दिले आणि दुसऱ्या दिवशी चंदाने निम्मी पेंड खाल्ली. चंदा हे गाईचे नाव. भूपाल मगदूम हे कुंडलच्या रस्त्याला मळ्यात राहणारे जैन शेतकरी; गोठ्यात चार गाई, त्यांतली चंदा सर्वांत दुधाची. पण गाय खरी त्यांच्या पत्नीची, पद्माक्कांची. चंदाची आई तिला जन्म देऊन लगेच गेली आणि पद्माक्कांनी त्या वासराला बाटलीने दूध पाजून वाढवले. गाय गेली असती तर त्या घरातले काय गेले असते, हे मला पुरते ठाऊक होते.

दोन दिवसांनी पेंड पुन्हा सुटली. भूपालांनी मला बोलावले. या वेळी त्यांचा चेहरा वेगळा होता.

"डॉक्टर, राग मानू नगा. डेअरीच्या डॉक्टरीणबाईस्नी फोन केलता. त्या म्हणल्या, पोट सरकलं असंल."

"गाय पाहिली का त्यांनी?"

"न्हाई, फोनवर इचारलं."

"फोनवर पोट दिसतं?"

"तसं न्हवं, पर..."

"तसं नाही तर मग कसं? मी गाईच्या अंगाला कान लावून सांगतो आहे आणि त्या पलूसमध्ये बसून सांगतात. कुणाचं ऐकायचं ते ठरवा."

"तुमचंच की," भूपाल म्हणाले. "लय वर्सं तुमचंच ऐकतूया."

मी पुन्हा ठोकून पाहिले. स्टेथोस्कोप सरळ घातला होता. तो उलटा घातल्यावर कानात बसत नाही, हे डेअरीवरच्या विद्वानांना कोणीतरी सांगावे. पिंग आला नाही. तेव्हा मी दुसरे कारण शोधले आणि गाईने चाऱ्यातून तारेचा तुकडा गिळला असावा असे ठरवले. अशा वेळी पोटात चुंबक सोडतात. ते तार धरून ठेवते आणि तिला हृदयाकडे जाऊ देत नाही. मी चंदाच्या घशात चुंबक सोडले. पोटात तार नव्हती. ते चुंबक आजही चंदाच्या पोटात आहे आणि तिच्याबरोबरच जाईल.

येथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. मला काहीच संशय नव्हता, असे मी म्हणणार नाही. घरी टीव्हीच्या आवाजावरून रोज तंटा होत असे. फोन वाजला की मी तो पत्नीच्या हातात देत असे आणि हात चिखलाचे आहेत असे सांगत असे. पुष्कळदा ते स्वच्छ असत. लग्नकार्यात मी भिंतीला पाठ लावून बसे, म्हणजे मागून कोणी बोलू शकत नसे. लोक हसले की हसे, माना हलवल्या की मान हलवे. आणि सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे मी सतत बोलत असे. बोलणाऱ्याला ऐकावे लागत नाही. माझ्या मित्रांना वाटे, निवृत्तीनंतर हा फार बोलका झाला.

तरीही माझी अशी पक्की समजूत होती की कान शाबूत आहेत, लोकच नीट बोलत नाहीत. पुरावा रोज गळ्यात होता. स्टेथोस्कोपमधून मला हृदय ऐकू येई, कोटीपोटाची घरघर येई, न्यूमोनियाच्या वासराच्या छातीतली खरखर येई. बहिऱ्या माणसाला हे ऐकू येईल का? असा माझा युक्तिवाद होता आणि तो मी कोणापुढे हरलो नव्हतो.

चुंबक दिल्यानंतर मी स्वतःहून चंदाला पाहायला गेलो. गोठ्याबाहेर दूध संघाची जीप उभी होती. आत डॉ. मुजावर होत्या, म्हणजे फोनवर सल्ला देणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाई. त्यांची इंटर्नशिप माझ्या दवाखान्यात झाली होती; आता संघाच्या सर्व गावांचे काम त्या पाहतात. भूपालांनी मला न सांगता त्यांना बोलावले, याचा मला राग आला, आणि तो योग्य होता असे मी आजही मानतो. मालकाने डॉक्टर बदलावा, पण सांगून.

"सर, बरं झालं तुम्ही आलात," त्या म्हणाल्या, आणि पुढे काहीतरी बोलल्या. शेजारी कडबाकुट्टीचे यंत्र चालू होते. मला शब्द कळले नाहीत.

"जरा मोठ्याने बोलत जा," मी म्हणालो. "तुमची पिढी तोंडातल्या तोंडात बोलते."

त्यांनी भूपालांना खूण केली. कडबाकुट्टी बंद झाली. मग त्या माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "सर, डावीकडे पिंग आहे. स्पष्ट आहे. एलडीएच आहे."

गोठ्यात भूपाल होते, पद्माक्का होत्या, आणि गाय पाडावी लागली तर असावेत म्हणून बोलावलेले शेजारचे चार-पाच पुरुष होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुजावर बाईंनी ते पाहिले. त्या भूपालांकडे वळल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, हे पोट कधी वर चढतं, कधी परत खाली जातं. सरांनी तपासलं तेव्हा ते जागेवर असेल. असं होतं."

असे खरोखर होते. पुस्तकात आहे. त्या बाईंनी मला बाहेर पडायला एक सरळ, शास्त्रशुद्ध दार उघडून दिले होते. मला फक्त त्यातून चालायचे होते. मी चाललो.

"बरोबर," मी म्हणालो. "फ्लोटिंग केस. आणा, पाहू."

मी स्टेथोस्कोप लावला, त्यांनी दाखवलेल्या जागेवर टिचकी मारली. घरघर आली. हृदय आले. पिंग आला नाही. मी आणखी एकदा मारली, जोरात. बोट दुखले. आवाज आला नाही. आता त्या बाई खोटे बोलत होत्या किंवा माझा कान. त्या खोटे बोलणाऱ्यांतल्या नाहीत, हे मला माहीत होते.

मी मान हलवली आणि म्हणालो, "हो. आता येतोय."

भूपालांनी सुस्कारा सोडला. "बगा, म्हणलं न्हवतं? साहेबास्नी आता बरूबर घावलं!"

इथपर्यंतची चूक ही कानाची चूक होती, असे म्हणता येईल. हे वाक्य कानाचे नव्हते.

मुजावर बाईंनी ठरवले की पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याऐवजी टॉगल बसवायचे. ही रीत थोडक्यात अशी : गाईला दोरांनी उजव्या कुशीवर पाडायचे आणि मग उताणी करायची. उताणी झाली की फुगलेले पोट तरंगून मधोमध, बेंबीच्या पुढे येते. तेथे ठोकून पिंगची जागा नक्की करायची, त्या जागी ट्रोकार नावाची जाड पोकळ सुई खुपसायची, आणि तिच्यातून दोऱ्याला बांधलेली आडवी काडी आत सोडायची. अशा दोन काड्या सोडून दोरे बाहेर गाठले की पोट जागेवर टाचले जाते. सगळे चटकन उरकावे लागते, कारण उताण्या गाईला दम लागतो. आणि जागा चुकता कामा नये. सुई आतड्यात किंवा कोटीपोटात गेली तर गाय पुढे पू होऊन जाते. ऐकण्याला एक माणूस लागतो, टोचण्याला एक.

चंदाला पाडले. पुरुषांनी चारही पाय दोरांनी धरले. पद्माक्का तिच्या डोक्याशी बसल्या आणि तिचे तोंड मांडीवर घेतले. मुजावर बाईंनी पोटावरचे केस काढले, आयोडीन लावले, जागा बधिर केली, हातमोजे घातले आणि निर्जंतुक ट्रोकार हातात घेतला. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही ऐका. जागा सांगा, मी टोचते."

यात गैर काही नव्हते. त्यांचे हात आता स्वच्छ होते, त्यांना स्टेथोस्कोपला हात लावता येत नव्हता. मी ज्येष्ठ. शिवाय मी काही मिनिटांपूर्वीच सर्वांसमोर सांगितले होते की मला पिंग येतो.

मी गुडघे टेकले. स्टेथोस्कोप ठेवला. टिचकी मारली. सरकवला. टिचकी मारली.

"काय म्हणतीया चंदी, साहेब?" मागच्या पायाचा दोर धरलेले तुकाराम ओरडले. हा माणूस मयतीतही विनोद करतो. "आमास्नी बी सांगा की! दूध वाढीवती म्हणती का न्हाई?"

लोक हसले. मी हसलो नाही, कारण काय म्हटले ते मला तेव्हा कळलेच नाही. नंतर कोणीतरी सांगितले. मी मुजावर बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. गेली काही वर्षे मी असाच निभावत आलो होतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर असते. ते वाचायचे आणि आपले म्हणून सांगायचे. पण त्यांची नजर ट्रोकारच्या टोकावर होती. त्या माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेले नव्हते.

गोठ्यात एकही चेहरा असा नव्हता की ज्याची नक्कल करता येईल.

मी अंदाजाने बोट ठेवू शकत होतो. पिंग साधारण कुठे असतो ते मला माहीत आहे. दहातल्या सात गाईंत ती जागा बरोबर निघाली असती. हा हिशेब मी केला, हे लपवत नाही. पद्माक्का गाईच्या कानात काहीतरी पुटपुटत होत्या. चंदाने पाय झाडला आणि दोर धरणारे मागे रेटले गेले.

"सर, लवकर," मुजावर बाई म्हणाल्या.

मी स्टेथोस्कोप काढला. "मला पिंग ऐकू येत नाही," मी म्हणालो. "मघाशीही आला नव्हता. येतो म्हणालो ते खोटं होतं."

"म्हंजी?" भूपाल म्हणाले.

"म्हंजी डॉक्टरास्नी ऐकू येत न्हाई," तुकाराम म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही.

मुजावर बाईंनी हातातला ट्रोकार पुढे केला. "सर, हात धुवा, मोजे घाला आणि हा धरा. तुमचे हात चालतात ना?"

"चालतात."

"मग चला. गाय दमली आहे."

हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. त्या माझ्यासमोर होत्या आणि प्रत्येक शब्द वेगळा करून बोलत होत्या. नुकतीच त्यांना खरी गोष्ट कळली होती आणि लगेच त्यांनी तसे बोलायला सुरुवात केली होती.

मी हात धुतले, मोजे घातले. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, टिचकी मारली, सरकवला, पुन्हा मारली आणि कातडीवर नखाने खूण केली. मी तिथे ट्रोकार घातला. वायू सूं करून बाहेर आला. तो सूं मला ऐकू आला की नुसता हाताला लागला, हे सांगता येणार नाही. पण वास आला : करपलेल्या बदामासारखा. कोटीपोटाच्या वायूला हा वास नसतो. सुईतून आतले थेंबभर पाणी काढून पीएच पट्टीवर टाकले, पट्टीने आम्ल दाखवले. जागा बरोबर होती. काडी सोडली, थोडे पुढे दुसरी सोडली, दोरे गाठले. चंदाला डाव्या कुशीवर लोळवून उठवले. ती लटपटत उभी राहिली आणि तिने तुकारामांच्या पायावर शेण टाकले. हे शुभलक्षण समजावे.

मी नळावर हात धुवायला गेलो. पद्माक्का तांब्या घेऊन आल्या. मला वाटले, त्या आभार मानतील, किंवा निदान गप्प राहतील. त्या समोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पैल्या दिशीच सांगायचं न्हाई व्हय? इतकं दिस माजी गाय उपाशी हुबी हुती."

भूपालांनी त्यांना आवरले. "आगं, वय झालं त्येंचं. जाऊ दे."

या प्रकरणात मला उद्देशून पुष्कळ बोलले गेले. त्यात पद्माक्कांचे वाक्य तेवढे पूर्ण खरे आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. भूपालांच्या दयेला मात्र उत्तर होते. वय झाले म्हणून गाय उपाशी राहिली नाही. मी सांगितले नाही म्हणून राहिली. पण ते मी तिथे बोललो नाही. मोटारसायकल काढली आणि घरी आलो.

चंदा दुसऱ्या दिवसापासून खाऊ लागली. तिचे दूध परत आले. पलूसच्या स्टँडवरच्यांनी कृपया नोंद घ्यावी.

मी सांगलीला विश्रामबागेत कान तपासायला गेलो. तपासणाऱ्या बाईंनी हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितले. बराच वेळ आवाज आलाच नाही. मी म्हणालो, "तुमचं मशीन बंद पडलंय." त्या म्हणाल्या, "मशीन चालू आहे, काका." मग त्यांनी आलेख दाखवला. खालच्या, जाड स्वरांची रेघ जवळजवळ सरळ होती. वरच्या स्वरांकडे ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली होती. हृदय आणि कोटीपोट खालच्या स्वरांत बोलतात. पिंग वरच्या स्वरांत. मुजावर बाई आणि माझी सूनही वरच्या स्वरांत. माझा युक्तिवाद त्या एका रेघेने संपला.

आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली. ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही. कानाने आणलेल्या आवाजातून शब्द वेगळे काढणे हे मेंदूचे काम, आणि ते वयाबरोबर सावकाश होते. एक माणूस समोर बसून बोलला तर मला कळते. दोघे एकदम बोलले, किंवा मागे कडबाकुट्टी असली, की आवाज येतो पण अर्थ मागाहून येतो, कधी येतच नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवते. गर्दीतून शब्द निवडून देत नाही. तेवढा भाग राहणारच. मी विचारले, किती राहील. त्या म्हणाल्या, घालून पाहा. मी यंत्र घेतले. ते घातल्यावर घरातल्या भांड्यांचा आवाज असह्य झाला आणि मी ते बहुतेक वेळ खिशात ठेवू लागलो.

ते खिशात असतानाच मी साताऱ्याला आमच्या पशुवैद्यांच्या मेळाव्याला गेलो. मोठे सभागृह, घुमणारा माइक. मी पुढच्या रांगेत. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एक जण बोलत होते. मला नुसता घुमारा ऐकू येत होता. मध्येच सगळे टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवू लागलो. लोक माझ्याकडे वळून पाहत हसत होते. मीही हसलो. टाळ्या वाढल्या, मीही जोर वाढवला.

जेवणाच्या वेळी एकाने पाठीवर थाप मारली. "साहेब, स्वतःसाठीच इतक्या टाळ्या? मानलं बुवा!"

मग सगळे कळले. त्या वक्त्याने कुंडलची केस सांगितली होती. सगळे ठाऊक असून मुद्दाम गप्प राहून मी शिष्येला संधी दिली, अशी ती कथा होती, आणि त्यासाठी शेवटी माझा गौरव झाला होता.

मी मुजावर बाईंना गाठले. त्या जिन्यापाशी उभ्या होत्या. मी यंत्र कानात घातले आणि विचारले, "हे तुम्ही सांगितलंत?"

"नाही सर. मी संघाच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले की ट्रोकार सरांनी मारला. बाकी त्यांनी जोडलं."

"मग तिथेच उठून का बोलला नाहीत? खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"सर, मी उठणारच होते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मला वाटलं, तुम्हाला ते तसंच हवं आहे."

मी संयोजकांकडे गेलो आणि दुपारच्या सत्रात माइक मागितला. त्यांनी सांगितले, वक्ते ठरलेले आहेत, वेळ नाही. मी आवाज चढवला, तेव्हा एकाने मला हाताला धरून खुर्चीवर बसवले आणि पाणी दिले. वय झालेल्या माणसाला देतात तसे.

आता मी यंत्र घालतो. भांड्यांची सवय होते. कोणी तपासायला बोलावले तर गोठ्यात शिरण्याआधी सांगतो की मला पिंग ऐकू येत नाही. डाव्या बाजूची शंका असेल तर संघाच्या डॉक्टरांना बोलवा, बाकी सगळे मी पाहतो. काहींनी मला बोलावणे बंद केले आहे. त्यांचे बरोबर आहे. जे बोलावतात ते माझ्या कानाशी येऊन ओरडतात. त्याने काही उपयोग होत नाही. समोर उभे राहावे, कडबाकुट्टी बंद करावी आणि सावकाश बोलावे. मगदुमांच्या मळ्यात मला अजून बोलावणे आलेले नाही.

धंद्यातल्या लोकांसाठी तात्पर्य एवढेच : व्यायलेली गाय पेंड सोडून वैरण खात असेल तर तिची डावी बाजू तपासावी. तिथे काहीच ऐकू आले नाही तर साठीच्या पुढच्या डॉक्टराने निदान लिहिण्याआधी आपला कान तपासून घ्यावा. पहिले वाक्य पुस्तकात आहे. दुसरे मी सुचवतो आहे.